आईचं इंग्रजी

“सायलेन्स!” नाना ओरडले आणि अख्खा वॉर्ड गप्प झाला.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला आलेली माणसं तेलुगूत तावातावानं बोलत होती. त्यांचे हात हवेतच राहिले. सिस्टर म्हेत्रे औषधांची ट्रॉली ढकलत येत होत्या, त्या दारातच थबकल्या. नानांनी डावा हात वर करून सगळ्यांवरून नजर फिरवली. उजवा हात नि उजवा पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे अंथरुणावर पडलेले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आवाज मात्र तोच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“नाऊ, ओपन युवर बुक्स,” ते म्हणाले.

“काय म्हणतायत?” आईनं मला विचारलं.

“पुस्तकं उघडा म्हणतायत.”

आईनं इकडेतिकडे पाहिलं. कपाटावर मोसंबी होती, थर्मास होता, औषधाच्या बाटल्या होत्या. “कुठलं पुस्तक?” ती पुटपुटली. सापडलं असतं तर तिनं ते खरंच उघडून त्यांच्यापुढे धरलं असतं.

माझे वडील विनायक पतंगे. बार्शीत त्यांना पतंगे सर म्हणूनच ओळखत. आमचं घराणं शिंप्यांचं. आजोबा आणि नंतर बापूकाका मशीनवर बसले. नाना शिकले, आणि तिथल्या एका हायस्कुलात सारी हयात इंग्रजी शिकवत राहिले. पण घरात त्यांनी इंग्रजीचा शब्द कधी काढला नाही. शिकवणीची मुलं बाहेरच्या खोलीत बसत, मधलं दार लोटलेलं असे, आणि आई फटीतून चहाचा कप आत सरकवी. इंग्रजी त्या दारापलीकडे होतं. अलीकडे आले की नाना “भाजीत मीठ कमी पडलंय गं” असं म्हणणारा साधा माणूस व्हायचे.

त्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मराठी गेली. पुरती गेली. आम्ही त्यांना बार्शीहून सोलापूरला, मी राहते त्या गावी आणलं तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक मराठी शब्द फुटला नव्हता. डॉक्टर कोठाडिया म्हणाले, “असं होतं कधीकधी. दोन भाषांमधली एक राहते. कुठली राहील, सांगता येत नाही.”

राहिली ती इंग्रजी. तीही सगळी नाही, वर्गातली. इंजेक्शन दिलं की ते सिस्टरना म्हणत, “थँक यू. यू मे गो.” पाणी पाजताना ठसका लागला तर डोळे वटारून, “हू इज लाफिंग?” मी इंग्रजीत काही विचारलं तर कधी नेमकं उत्तर येई, कधी माझं वाक्यच ते मला परत म्हणून दाखवत. पण ऐकत तरी. मराठी कानावर पडली की त्यांचा चेहरा, बसस्टँडवर कुणी परमुलखातला माणूस पत्ता विचारतो तेव्हा आपला होतो, तसा होई.

आईला इंग्रजी येत नव्हतं. सातवी शिकलेली. पोथी वाचायची, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. पण इंग्रजीचं अक्षर नाही.

तेव्हा मी दुभाषी झाले. एवढ्या वर्षांच्या त्यांच्या संसारात मी मध्ये बसले.

“विचार त्यांना, पाठीला कळ लागलीय का.”

मी विचारी. नाना म्हणत, “नो, टीचर.”

“काय म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“एवढंच? पुढं आणखी काहीतरी म्हणाले की.”

भेटायला येणारा प्रत्येकजण त्या इंग्रजीचा आपापला अर्थ लावी. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पत्नी, बोल्ली बाई, जन्मभर विड्या वळलेल्या. हॉस्पिटलात हात रिकामे राहतात म्हणून त्या बसल्या बसल्या पदराचंच टोक वळत असत. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला हळूच विचारलं, “तुमचे साहेब कलेक्टर होते काय वं?”

“नाही हो. मास्तर.”

“असं कसं. इंग्रजासारखं बोलतेत की.” मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवून, “भिऊ नका बाई. इंग्रजी माणसाला इंग्रजी औषध लगेच लागू पडतंय. आमच्या ह्यांना बगा, काय दिलं तरी अंगी लागंना.”

बापूकाकांचं म्हणणं नेमकं उलटं. ते गळ्यात टेप तसाच ठेवून दुकानातून निघाले होते, बसमध्ये कुणीतरी सांगितलं तेव्हा तो खिशात घातला. “वहिनी, मी आधीच सांगत होतो. बीपीच्या गोळ्या, ह्याच्या गोळ्या, त्याच्या गोळ्या. इंग्रजी औषधं उष्ण. चढली डोक्यात. आता तीच तोंडावाटे बाहेर पडायलीत.” आणि मग ते नानांच्या पायांशी बसून लहान मुलासारखे रडले. “दादा, एकदा बापू म्हण की रे.”

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. “डोंट क्राय, बॉय,” ते म्हणाले. “गो अँड वॉश युवर फेस.”

मी ते काकांना मराठीत सांगितलं. ते खरंच उठले आणि तोंड धुऊन आले.

श्रीकांत, माझा धाकटा भाऊ, पुण्याहून आला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कंपनीत त्याचा दिवस इंग्रजीत जातो. तो नानांशी बोलला, नाना त्याला “व्हाय आर यू लेट?” म्हणाले. तो हसला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं आणि डॉक्टरांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. दोघंही चांगलं बोलत होते. मी ऐकत होते. आई आमच्या तिघांच्या मध्ये उभी होती. तिची नजर ह्याच्या तोंडावरून त्याच्या तोंडावर जात होती.

मध्येच ती म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही माझ्या नवऱ्याबद्दल बोलताय ना?”

“हो काकू, तेच जरा—”

“मग मराठीत बोला. खाटेवर एक इंग्रजी बोलतोय, पुरे झालं.”

डॉक्टर ओशाळले. त्यांनी मराठीत सांगितलं. नानांना गिळता येत नव्हतं. नाकातून घातलेली नळी ते डाव्या हातानं पुन्हा पुन्हा उपसून टाकत होते. आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, पोटाला भोक पाडून तिथून अन्न द्यायचं, हात बांधून ठेवावा लागेल कदाचित. त्यानं काही महिने मिळतील, कुणी सांगावं, जास्तही. बोलणं परत येईलच असं नाही.

“आणि दुसरी?”

“घरी न्या. चमच्यानं जेवढं जाईल तेवढं द्या. पण काकू, ते जास्त दिवस काढणार नाहीत. हे स्पष्ट सांगायला हवं.”

“आपण पुण्याला नेऊ,” श्रीकांत लगेच म्हणाला. “माझं घर जवळ आहे. मी रजा काढतो. आई, तू काळजीच करू नकोस.”

“त्यांना विचारलं का कुणी?” आई म्हणाली.



“आई, नाना आता विचार करून उत्तर देण्याच्या स्थितीत नाहीत,” श्रीकांत हळू आवाजात म्हणाला.

“तोंड धू म्हटलं ना बापूला? रडलेलं कळतं त्यांना. मग हेही कळेल.” मग डॉक्टरांकडे वळून, “उद्या दुपारपर्यंत थांबता येईल?”

“येईल.”

“मग उद्या सांगते.”

मला वाटलं, ती मला विचारायला लावणार. मी मनात वाक्यं जुळवूही लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या मागच्या ओट्यावर आम्ही दोघी भाकरी खायला बसलो. तिथे नातेवाइकांनी दोऱ्या बांधून धुणी वाळत घातली होती. आईनं भाकरीवर शेंगाचटणी वाढली, स्वतः घेतली नाही.

“घरी येता का, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?”

“मी विचारते ना.”

“तू नको. तू विचारलंस तर ते तुला उत्तर देतील. मला द्यायला हवंय.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

“विल यू कम होम,” मी म्हणाले.

“होम म्हणजे?”

“घर.”

“मग एक शब्द तर मला येतच होता.” ती जरा हसली. “म्हण परत.”

तिनं पाचपन्नास वेळा म्हटलं. सुरुवातीला शब्द एकमेकांना चिकटत होते, मग सुटे झाले. एकदा ती अडखळून थांबली.

“ह्यात ‘अहो’ कुठाय?”

“त्यांच्यात अहो नसतं, आई.”

“मग बायका नवऱ्याला हाक कशी मारतात?”

“नावानं.”

“अगंबाई!” तिनं पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे हसले. “मी नाही हां ते करणार.”

“मग नुसतं विचार.”

“हाक मारल्याबिगर? वाटेवरच्या माणसाला विचारतात तसं?” ती विचार करत राहिली. “आधी अहो म्हणते. अहो माझं. मागचं त्यांचं.”

वाळत घातलेल्या धुण्यातून वारा येत होता. ती भाकरीचा तुकडा मोडून हातात तसाच धरून होती.

“लग्न झाल्यावर शिकवायला बसले होते मला,” ती म्हणाली. “मी कणीक मळायची आणि हे पाटावर बसून, धिस इज अ पॉट, दॅट इज अ पॅन. मला हसूच आवरेना. ते जीभ दाताखाली धरायचे ना, ती बघून. मी हसले की चिडायचे. एक दिवस म्हणाले, तुला जमायचं नाही. उठून गेले. परत काही विषय काढला नाही त्यांनी. मीही नाही.”

“तुला वाईट वाटलं?”

“छे. मला कुठं कलेक्टर व्हायचं होतं.” तिनं तुकडा ताटात परत ठेवला. “शैला, तुला एक सांगू? श्रीकांतला नको सांगू.”

मी ताट बाजूला सरकवलं.

“त्या दिवशी मंडईतून ह्यांना रिक्षातून आणलं. मुलाण्याच्या पोरानं. ह्यांचाच विद्यार्थी. पाय घसटत होते, जीभ जड, आणि तोंडानं इंग्रजी चाललेलं. पोरगा खाली मान घालून म्हणाला, काकू, सरांनी आज इंग्रजी घेतलीय वाटतं. आत झोपवा, कुणाला बोलत नाही मी. भला पोरगा. त्याला तेच वाटणार. आपल्या गावात झिंगलेला माणूसच इंग्रजी बोलतो.”

“आई—”

“ऐक. त्याला वाटलं ते वाटलं. मला काय झालं होतं? ज्या माणसानं सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही, त्याचं मी तोंड हुंगलं गं. दार लावून घेतलं आणि हुंगलं. वास नव्हता. तरी वाटलं, लोक काय म्हणतील. दार उघडलंच नाही. शेजारच्या वहिनी हाक मारून गेल्या, मी म्हटलं, ह्यांचा डोळा लागलाय. पार दिवेलागणीपर्यंत. आणि हे एकसारखे माझ्याशी बोलत होते. काय काय सांगत होते देव जाणे. मला एक अक्षर कळलं नाही.”

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

“दार लावून बसलेल्या त्या बाईकडे त्यांना घरी यायचंय का, एवढंच विचारायचंय,” ती म्हणाली. “नको म्हणाले तर पुण्याला ने म्हणून सांगीन. म्हण परत. विल यू.”

दुपारी तिनं तोंड धुतलं, वेणी सोडून पुन्हा घातली, नवं कुंकू लावलं, पिशवीतलं धुतलेलं इरकली लुगडं नेसली. वॉर्डात भेटायची वेळ संपून सामसूम झाली होती. नाना जागे होते. श्रीकांत उशाशी उभा होता, मी खिडकीजवळ. सिस्टर म्हेत्रे पलीकडे बोल्ली बाबांचं सलाइन बदलत होत्या.

आई खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. स्टूल होतं, तरी उभी राहिली. दोन्ही हात पोटाशी एकमेकांत घट्ट धरलेले.

“अहो,” ती म्हणाली.

नाना छताकडे पाहत होते.

“अहो. विल यू कम होम?”

नानांची मान वळली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे चांगलं पाहिलं. इतके दिवस ती वॉर्डातल्या वस्तूंपैकी एक होती.

“अगेन,” ते म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“परत म्हण म्हणतायत.”

“विल यू कम होम?”

“लाउडर.”

“मोठ्यानं.”

तिनं मोठ्यानं म्हटलं. सिस्टर हातातली बाटली तशीच धरून वळल्या. खाली चटईवर आडव्या झालेल्या बोल्ली बाई कोपरावर उठल्या.

नानांच्या कपाळावर आठी पडली. मला ती आठी ठाऊक होती. एखाद्या मुलाचं जवळजवळ बरोबर आलं की पडायची. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांशी नेलं. “विल” म्हणताना ओठांचा चंबू करायचा, चहावर फुंकर घालतो तसा, हे ते पोरांना शिकवत आणि पोरं तेवढ्यावरून त्यांची नक्कल करत. तो चंबू ते आता करायला गेले. डावी बाजू गोळा झाली, उजवी जागची हलली नाही. लाळ ओघळली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांचं बोट ओठांवर चाचपडत राहिलं आणि डोळ्यांत एकदम भीती आली. आपलं काहीतरी झालंय हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

“राहू दे, आई,” श्रीकांत म्हणाला.

आई पुढे झाली. तिनं पदरानं लाळ टिपली. मग दोन बोटांनी, तान्ह्याला दूध पाजताना धरतात तसे, त्यांचे ओठ दोन्हीकडून अलगद गोळा केले.

“म्हणा,” ती मराठीत म्हणाली.

“विल,” नाना म्हणाले. गोल, स्वच्छ.

“विल,” आई म्हणाली. तिच्या ओठांचाही चंबू झाला.

“गुड.”

हा शब्द तिला कुणी सांगावा लागला नाही. ती लाजली. चार माणसांत, हॉस्पिटलच्या खाटेपाशी, साठी उलटलेली माझी आई लाजली. हात मागे घेऊन ती पुन्हा नीट उभी राहिली.

“विल यू कम होम?”

“नाऊ, आन्सर,” नाना म्हणाले. “फुल सेंटेन्स.” त्यांनी दम घेतला. “येस, आय विल कम होम. रिपीट.”

मी आईला सांगायला तोंड उघडलं, पण तिला कळलं होतं. शब्द तेच होते.

“येस. आय विल कम होम,” ती म्हणाली.

श्रीकांतनं डोळे मिटले. मी सुटकेचा श्वास घेतला. आणि नाना पुढे म्हणाले, त्याच स्वरात, त्याच धीम्या लयीत, जसं ते जन्मभर फळ्यावर एकाखाली एक लिहीत आले होते:

“नो, आय विल नॉट कम होम. रिपीट.”



“काय म्हणाले?” आईनं विचारलं.

मला सांगवेना. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. नो आणि नॉट हे काय असतं, एवढं तिला माहीत होतं.

“रिपीट,” नाना म्हणाले.

आईनं ओठ घट्ट मिटले.

“रिपीट आफ्टर मी. नो, आय विल नॉट कम होम.”

“हे मी म्हणणार नाही,” आई मराठीत म्हणाली.

नानांनी डोळे बारीक केले. वर्गात आवाज वर चढण्याआधी ते असेच थांबत.

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. आवाज हळू होता, पण थरथरत नव्हता. “काय शिक्षा करायची ती करा. मला उभं करा, नाहीतर बाहेर घालवा. हे वाक्य मी म्हणणार नाही.”

मी माझ्या आयुष्यात तिला त्यांच्यापुढे नाही म्हणताना ऐकलं नव्हतं.

नाना तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर उशाशी सरकली. “नेक्स्ट,” ते श्रीकांतला म्हणाले.

दिवसभर ज्याला इंग्रजीशिवाय दुसरं बोलायला सवड नसते, त्या माझ्या भावानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं खाली मान घातली.

“नेक्स्ट.” आता माझ्याकडे.

माझं इंग्रजी सगळं त्यांनीच दिलेलं. त्यावर मी नोकरी केली, आजवर जे काही वाचलं ते वाचलं. मी मान हलवली. नाही.

त्यांची नजर पुढे गेली. सिस्टर म्हेत्र्यांनी बाटलीकडे पाहिलं. बोल्ली बाईंना काय चाललंय ह्यातलं काही कळलेलं नव्हतं, पण त्यांनीही मान हलवली, ठामपणे, दोनदा.

सगळा वर्ग गप्प होता. नाना थकले होते. त्यांचा हात चादरीवर पडला. मग डोळे मिटता मिटता म्हणाले, “सिट डाऊन.”

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“बस म्हणाले.”

ती स्टुलावर बसली नाही, खाटेच्या कडेवर त्यांच्याजवळ बसली. तशी ती घरीसुद्धा कधी बसत नसे. त्यांचा उजवा हात, तो निर्जीव हात, उचलून तिनं मांडीवर घेतला.

“श्रीकांत, गाडीचं बघ,” ती म्हणाली.

“आई, पण त्यांनी दोन्ही उत्तरं दिली गं. शिकवत होते ते. उत्तर नव्हतं ते.”

“दोन दिली,” आई म्हणाली. “त्यातलं एक मी घेतलं. दुसरं तुला पाहिजे तर म्हण.”

श्रीकांतनं नानांची चादर सारखी केली. मग गाडी ठरवायला गेला. आम्ही निघताना बोल्ली बाईंनी आईच्या ओटीत एक मोसंबं घातलं. “इंग्रजी शिकलात की वं,” त्या म्हणाल्या. आई त्यांच्या पाया पडली.

पुढचं फार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. नाना हुरड्याचे दिवस सरायच्या आत गेले. तेवढे दिवस आई पेज चमच्यानं भरवत होती. प्रत्येक चमच्याला ते थँक यू म्हणत आणि ती “असू दे” म्हणे. त्यांच्या तोंडात मराठी आली नाही. शेवटी त्यांच्या कानाशी लागून ती काहीतरी बोलत होती. कुठल्या भाषेत, हे मी विचारलं नाही. आई त्याच घरात पुढे खूप वर्षं राहिली. बीपीच्या गोळ्या खात होती, बापूकाकांना न सांगता. ह्या मार्गशीर्षात तीही गेली. घर आवरायला मी बार्शीला आले आहे. बाहेरच्या खोलीचं दार उघडलं की मला दुसरं काही आठवत नाही, फक्त ती संध्याकाळ आठवते.

गाडी दारात थांबली होती. श्रीकांत, बापूकाका आणि मुलाण्याच्या मुलानं मिळून स्ट्रेचर उचललं. शेजारची माणसं ओट्यांवर येऊन उभी होती. आई पुढे होऊन कुलूप काढत होती. दाराच्या दोन्ही फळ्या तिनं भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या, आत जाऊन दिवा लावला आणि परत उंबऱ्यावर आली. स्ट्रेचर दाराच्या तोंडाशी आलं आणि अडलं. तिघंजण ते तिरकं करायच्या खटपटीत होते.

नानांनी मान उचलली. त्यांनी चौकट पाहिली, दिवा पाहिला, दारात उभी असलेली आई पाहिली. ती त्यांना ओळखू आली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी डावा हात उशीर झालेल्या मुलासारखा छातीशी अर्धा वर केला.

“मे आय कम इन?” त्यांनी विचारलं.

मी पुढे झाले, आईला सांगायला. पण ती आधीच बाजूला सरकली होती.

“या,” ती म्हणाली. “या आत.”